समुद्राकडे जाणारी पायवाट पायवाटच राहू द्यावी : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

किनारी जंगलातून समुद्राकडे उतरणाऱ्या सोप्या पायवाटा रुंद करून त्यांचे पक्के रस्ते करावेत, अशी मागणी वरचेवर होत असते आणि ती बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच केलेली असते. तरीही या वाटा पायवाटाच राहाव्यात आणि त्यांच्यासाठीचा निधी त्या नीट राखण्यावर खर्च व्हावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तासाभरात पार होणारी, फारसा चढ नसलेली वाट पट्टीच्या गिर्यारोहकाला किरकोळ वाटेल. परंतु लहान मुले, साठी ओलांडलेली माणसे आणि आयुष्यात प्रथमच जंगलात पाऊल टाकणारे यांच्यासाठी जंगलाचे दार अशाच वाटेने उघडते. समुद्र जवळ येतो तशी खाऱ्या वाऱ्याने झाडे खुजी होत जातात, त्यांचे शेंडे समुद्राच्या विरुद्ध दिशेला कललेले दिसू लागतात, पायाखालची माती रेताड होते आणि लाटा दिसण्याच्या बऱ्याच आधी त्यांचा आवाज कानी पडतो. हा बदल चालणाऱ्यालाच कळतो; वाहनातून उतरून थेट वाळूत पाय ठेवणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही.

पायवाट बिघडते ती मुख्यतः पाण्यामुळे. वाट सरळ उताराच्या दिशेने काढली की पावसाचे पाणी तिलाच ओहोळ समजून वाहू लागते, माती जाते, मुळे उघडी पडतात, लोक चिखल टाळण्यासाठी बाजूने चालतात आणि वाट दोन्ही अंगांनी रुंदावत जाते. यावरचे उपाय जगभर वापरात आहेत. वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी आणि सरासरी 10 टक्क्यांच्या आत ठेवावा, तिचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला सुमारे 5 टक्के कलता असावा आणि ठरावीक अंतराने वाटेला छोटासा उलट चढ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच बाहेर पडते. सिमेंटचा थर टाकून पाण्याचा प्रश्न सुटत नाही; पाणी कडेला गोळा होऊन अधिक वेगाने धावते आणि तेथील माती पोखरते. शिवाय झाडांची अन्नपाणी शोषणारी मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरातच असतात, आणि रस्त्यासाठी खोदाई व दाबाई होते ती नेमकी त्याच थरात. दलदलीच्या भागात जमिनीपासून उचललेली लाकडी फळ्यांची वाट हा चांगला पर्याय आहे. अमेरिकेच्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात ओझेट सरोवरापासून केप अलावाच्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 5 किलोमीटरची वाट अशाच प्रकारे वर्षावनातून नेलेली आहे. ओल्या फळ्या फार निसरड्या होतात, म्हणून त्यांवर खाचा किंवा जाळी हवी. अशी देखभाल होणार नसेल तर फळ्या न बसवलेल्याच बऱ्या.

जंगल संपते आणि वाळू सुरू होते तो पट्टा सर्वांत नाजूक, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षित. मर्यादवेलीसारख्या वेली आणि गवते तेथील वाळू धरून ठेवतात. सतत तुडवली गेल्यास ती मरतात आणि उघड्या पडलेल्या वाळूत वारा खिंडार पाडतो. म्हणून वाळूच्या टेकड्यांमधून एकच वाट असावी आणि ती वाऱ्याच्या मुख्य दिशेला तिरकी असावी, कारण सरळ वाट वाऱ्याला मोकळा बोळ करून देते. रस्ता आला की मागोमाग वाहनतळ आणि दिवे येतात. वाळूतून बाहेर पडलेली कासवाची पिल्ले रात्री अधिक उजळ क्षितिजाकडे धाव घेतात. कृत्रिम प्रकाश त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढतो.

सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, मात्र सोप्या वाटेवरचा मोठा धोका अनेकदा वाटेच्या शेवटी, पाण्यापाशी असतो. बऱ्याच किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते, त्यामुळे तिची वेळ रोज जवळजवळ 50 मिनिटांनी पुढे सरकते. कायमचा रंगवलेला फलक येथे निरुपयोगी ठरतो. वाटेच्या सुरुवातीलाच त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या हव्यात आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाचा इशारा ठळक हवा. न्यूझीलंडमधील एबल टास्मन वाटेवर अवारोआची खाडी ओहोटीपूर्वी दीड तास ते ओहोटीनंतर दोन तास एवढ्याच वेळात ओलांडता येते. तेथे पूल नाही. वेळेची नेमकी माहिती आहे आणि चालणारे आपला दिवस तिच्याभोवती आखतात.

ज्यांना चालता येत नाही त्यांचे काय, हा रस्त्याच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. वाटेचा सुरुवातीचा टप्पा बारीक खडी दाबून घट्ट करावा, चाकाची खुर्ची सहज जाईल एवढा रुंद ठेवावा, त्याचा उतार 1:20 हून अधिक नसावा आणि तो समुद्र दिसणाऱ्या, सावली व बसायला बाके असलेल्या जागेपर्यंत न्यावा. जेथे किनाऱ्याला आधीच रस्ता आहे तेथे वाळूवर चटईचा मार्ग आणि रुंद टायरांच्या खुर्च्या ठेवाव्यात. प्रत्येक किनाऱ्यापर्यंत मोटार नेण्यापेक्षा ही सोय अपंग व्यक्तींना खरोखर अधिक उपयोगी पडेल, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे की, किनारी जंगलातील कोणत्याही पायवाटेचे पक्के काम मंजूर करण्यापूर्वी भर पावसात तिची पाहणी करून पाण्याचा निचरा तपासला जावा, पाहणीचा अहवाल जनतेसाठी खुला असावा, आणि दरवर्षीच्या देखभालीसाठी त्या वाटेच्या नावे स्वतंत्र तरतूद असावी. ही तरतूद पावसाळ्यापूर्वी हाती पडावी, कारण चर मोकळे करण्याचे काम पावसाआधीच व्हावे लागते.

आपला विश्वासू,
एक नागरिक