मनू, सही करायच्या आधी

प्रिय मनू,

पोचल्याचा मेसेज आईला केलास, मला नाही, ते बरोबरच आहे. आई म्हणली तुम्हीच फोन लावा, पण फोनवर माझा आवाज चढतो हे तुला माहीत आहे आणि मलाही, म्हणून हे टाइप करत बसलोय, चष्मा कपाळावर आणि एका बोटानं. चुका समजून घे. परवा पहाटे स्टँडवर मी खांबापाशीच उभा होतो. तू खिडकीत होतीस पण मान मोबाइलमध्ये. मुंबई गाडी हलली तसा मी हात वर केला, तो एका रिक्षावाल्यानं बघितला आणि रिक्षा वळवून पुढ्यात आणली. काय सांगणार त्याला.

झालेलं परत उकरत नाही. गौरीच्या जेवणाला दादाकाकांनी विचारलं पोरगी काय करती, आणि मी म्हणालो "काय नाय, एका संस्थेत कागदं करती". तू वाढता वाढता थांबलीस, ते मला दिसलं. चेष्टेनं म्हणालो असं लिहिणार होतो पण ते खोटं होईल. मोर्च्यात जाणारी, गावात फिरणारी माणसं खरं काम करतात आणि ऑफिसात बसलेली नुसती फायली करतात, असं मला वाटत होतंच, आणि मी स्वतः एकतीस वर्षं फायलीच केल्या. रात्री तू नेमकं तेच बोलून दाखवलंस. मग मी म्हणालो, माझ्या मागं सरकार होतं, तुझ्या मागं कोण आहे.

तर सरकार माझ्या मागं नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नाही.

तू चार वर्षांची होतीस. "आप्पा सुट्टीवर हाईत" असं आई तुला सांगायची आणि तू खूश, कारण मी तुला रोज बालवाडीत सोडायचो. ती सुट्टी नव्हती, निलंबन होतं. चौदा महिने. मुलींना वाटायच्या सायकली आल्या होत्या, कागदावर १८०, गोडाऊनमध्ये १४०. साहेब म्हणाले उरलेल्यांचा ट्रक वाटेत आहे, मार्च एंड आहे, तुम्ही साठा नोंदवहीत "माल मिळाला" लिहून मोकळे व्हा. मी लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. ट्रक काय आला नाही. चौकशीत साहेबांची सही कुठंच नव्हती, होती ती माझी. निम्म्या पगारावर घर चाललं, आईनं ब्लाउज शिवायला घेतले ते तेव्हा, आजीच्या पाटल्या गेल्या त्या तेव्हा. नंतर परत घेतलं कामावर, एक वेतनवाढ रोखून. सायकली मिळाल्या नाहीत त्या चाळीस पोरी कोण होत्या याची चौकशी मात्र कुणी केली नाही, मीही नाही. ते आता वाटतं.

म्हणून म्हणतो, मोजल्याशिवाय सही करू नकोस. वरच्यानं सांगितलं, डायरेक्टरनं सांगितलं, "फक्त फॉर्मॅलिटी आहे" म्हणाले तरी करू नकोस. ऑफिसात सगळी चांगली असतील, चांगल्या माणसांनाच जास्त घाई असते.

तू म्हणशील सुरू झालं लेक्चर. झालं खरं. थांबतो.

तुझं काम समजून घ्यायचा प्रयत्न मी केलाय, हसू नकोस. ते परदेशी पैशाच्या कायद्याचं वाचलं. सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून परदेशातनं आलेला पैसा एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला द्यायचाच नाही, आणि असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच उतरवायचा. म्हणजे पूर्वी मोठ्या संस्थेकडनं झिरपत खाली तालुक्यापर्यंत यायचं ते पाटच बंद. तुम्ही इथलाच पैसा गोळा करून गावातल्या लहान गटांना वाटता हे तू मागं सांगितलेलं, तेव्हा मी टीव्ही बघत होतो. आणि मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजाच्या कामाला लावायचे तो कायदा आहे २०१३ चा, तर त्या शाळेला रंग देतात, संडास बांधतात, पण बाई हक्कासाठी भांडती म्हणलं की मागं सरतात, हेही तूच म्हणालीस. आता डोक्यात शिरलं. पण त्याच्याबरोबर हेही शिरलं की अशा कामावर सगळ्यांची नजर असते, एक कागद मागंपुढं झाला तरी विचारतात, आणि विचारतात कुणाला, तर ज्याची सही असते त्याला. बघ, परत तिथंच आलो.

एक सांगायचंय. जेवणं चालू असताना तुला गेवराईकडनं फोन आला. तू ताट ठेवून मागच्या पायरीवर जाऊन बसलीस, पुरणपोळी गार झाली म्हणून आई कावली, मी हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीत उभा राहून ऐकत होतो. त्या पारधी बायकांच्या गटाची ताई होती ना? टेंपोचं भाडं तीन हजार आठशे दिलेलं आणि टेंपोवाला बिल देईना. तू तिला पाऊण तास सांगत होतीस, ताई, साध्या कागदावर लिहा, कुठून कुठं, कशासाठी, किती, त्याचा गाडी नंबर घाला, आता मला वाचून दाखवा. ती वाचायची, अडायची, तू म्हणायचीस "घाई नाय, परत वाचा". मी न राहवून आतनं ओरडलो, रेव्हेन्यू स्टॅम्प लावायला सांग! तू वळून पण बघितलं नाहीस, म्हणालीस "पाच हजारांच्या आत आहे, लागत नाही".

बरोबर होतीस. बरं वाटलं मला. वाईटही वाटलं, कारण आमच्या टेबलावर अशी बाई आली असती तर मी म्हणालो असतो बिल आणा मग बघू. किती जणींना म्हणालो असेन. तुमच्याकडं अर्ज व्हॉट्सॲपवर बोलून पाठवला तरी चालतो, तू तो ऐकून लिहून काढतेस, हे आईनं सांगितलं. आमच्याकडं अर्जाला मार्जिन सोडला नाही म्हणून माणूस परत जायचा. आणि पारध्यांचे कागद नसतात ते का, हे मला कळायला पाहिजे होतं. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून शिक्का मारला जन्मानंच गुन्हेगार म्हणून, तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, शिक्का अजून निघालेला नाही. त्या माणसांच्या नशिबात कागद म्हणजे हजेरी आणि पोलिस. तिला तू शांतपणे कागद करायला शिकवत होतीस, आणि मी बैठकीत सांगून आलेलो की पोरगी कागदं करती.

माझी आजी सांगायची, कर्मवीर अण्णांनी संस्था काढली १९१९ ला, आपल्या काल्यातच, आणि पुढं पोरांच्या वसतिगृहासाठी मुष्टिफंड चालायचा, तेव्हा ती दळायला बसायच्या आधी मूठभर जोंधळे गाडग्यात टाकायची. एक माणूस पोतं घेऊन यायचा. मी त्याच बोर्डिंगात शिकलो. अण्णांचा पुतळा आहे, लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी मंगळसूत्र दिलं तेही सगळ्यांना माहीत आहे. पण कुठल्या घरनं किती मुठी आल्या ते कुणीतरी लिहीत असणार ना? परवापासून तो माणूस डोक्यातनं जाईना. आजीलाही त्याचं नाव आठवत नव्हतं.

दादाकाकांना काल फोन करून सांगितलं पोरगी काय करती ते. नीट जमलं नाही. ते म्हणाले म्हणजे बँकेत का.

लग्नाचं काढणार नाही असं कबूल केलेलं, काढलेलं नाही. जोगेश्वरीची खोली गळती म्हणालीस, मालकाला लेखी दे, तोंडी नको. आत्याचा गुडघा बरा आहे, चकली तिनंच केलेली, सगळी ऑफिसात वाटू नकोस. आणि दिवाळीला ये. तू येणार नाहीस असं आईला उगाच वाटतंय. आईलाच.

त्या ताईचं बिल पास झालं का ते कळव. आणि टेंपोवाल्यानं सही केली का अंगठा? अंगठा असंल तर खाली "निशाणी डाव्या हाताचा अंगठा" लिहून शेजारी एका साक्षीदाराची सही घ्यायला सांग तिला. तुझी नको, तिथल्याच कुणाची तरी.

तुझा,
आप्पा