वणव्यापासून जंगल राखण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम जय सेवा.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचे जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक तेथील ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा आपल्या गावानेही त्याच वाटेने जाण्याचा ठराव एकमताने केला, हे आपणांस ठाऊक आहेच. तेव्हापासून चारोळीसाठी झाड तोडणे आणि मधासाठी मोहोळ जाळणे आपल्या हद्दीत बंद आहे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावण्याऐवजी आपल्या आयाबहिणी पहाटे खराट्याने बुंध्याभोवतीची जागा झाडून घेतात आणि तो पाचोळा धानाच्या बांधीत नेऊन टाकतात. ज्या उतारावर मोहाची रोपटी दरवर्षी जळून जात, तेथे आज ती डोक्याच्या वर गेली आहेत. हे आपल्या लोकांनी केले, हे अभिमानाने नमूद करतो.

गस्तीच्या पहिल्या हंगामात राखणदारांना बूट आणि विजेऱ्या देणारे धानोऱ्याचे निवृत्त गुरुजी, लोकजैवविविधता नोंदवहीसाठी (गावच्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या लोकज्ञानाची नोंद) विद्यार्थ्यांसह भर पावसात आपल्या म्हाताऱ्यांच्या मागे हिंडून एकेका कंदाचे आणि रानभाजीचे गोंडी नाव टिपून घेणाऱ्या गडचिरोलीच्या प्राध्यापिका, आणि तेंदूपाने तोडण्याच्या मजुरीतून ग्रामसभा निधीस न चुकता वाटा देणारे गावातील प्रत्येक घर, या सर्वांचे ऋण समिती विसरलेली नाही.

मागील आवाहनास मात्र नोकरीनिमित्त बाहेर असलेल्या आपल्याच माणसांकडून फारसा प्रतिसाद मिळाला नाही, याचे वाईट वाटले. उन्हाळ्यात गावी येऊन चारोळी आवर्जून नेणाऱ्यांनी ती कोणी राखली याचाही विचार करावा, एवढीच विनंती आहे.

तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून शेजारच्या हद्दीत लावलेली आग वाऱ्याबरोबर आपल्याकडे येते. पानगळ संपत नाही तोवर जाळरेषेवर, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर, पुन्हा पुन्हा पाचोळा साचतो आणि हाताने झाडून ती वेळेत मोकळी होत नाही. त्यामुळे पाचोळा उडवण्याची 2 यंत्रे, त्यांचे पेट्रोल, राखणदारांचे बूट आणि पावसाळ्यापर्यंतचा भत्ता मिळून 1 लाख 20 हजार रुपयांची तातडीने गरज आहे. देणगी ग्रामसभेच्या बँक खात्यातच 15 फेब्रुवारीपूर्वी भरावी, रोख दिल्यास सही-शिक्क्याची पावती घ्यावी. पैसे शक्य नसल्यास किमान एक आठवडा गस्तीस यावे, जेवणाची सोय गोटूलात (गावाच्या सामूहिक घरात) आहे. हिशेब पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल.

आपला,
सचिव, सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती
(ग्रामसभेच्या संमतीने)