बीपी उतरतच नसेल तर ही एक टेस्ट करून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या भावाला ३६ व्या वर्षी बीपी निघालं आणि पुढची सहा वर्षं तीन-तीन गोळ्या घेऊनही ते १६० च्या खाली काही येईना. सुकी मासळी बंद, मिसकुटाचं लोणचं बंद, वहिनी तर हुमणात मीठ जास्त पडलं असेल म्हणून स्वतःलाच दोष देत बसायची. एकदा पाय इतके गळाले की खुर्चीतून उठता येईना, दवाखान्यात नेलं, पोटॅशियम फारच कमी, २.८, तर सलाईन लावून, शहाळी पी सांगून घरी पाठवलं. बीपी नि पोटॅशियम या दोन गोष्टी एकत्र कोणी बघितल्याच नाहीत, याचा राग मला आजही येतो.

शेवटी एका तरुण डॉक्टरने अल्डोस्टेरॉन आणि रेनिन या, शरीरातलं मीठ नि बीपी सांभाळणाऱ्या द्रव्यांची रक्ततपासणी करायला लावली आणि डाव्या अॅड्रिनल ग्रंथीत गाठ सापडली. ही ग्रंथी मूत्रपिंडाच्या डोक्यावर असते, गाठ अल्डोस्टेरॉन जास्त बनवते, मग शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून जातं. अल्डोस्टेरॉन जास्त होण्याचा हा आजार अमेरिकेतल्या डॉ. कॉन यांनी १९५५ सालीच मांडलाय! बीपीच्या १०० पेशंटांत साधारण ५ ते १० जणांना हा असतो असं अभ्यास सांगतात, म्हणजे आपल्या प्रत्येक वाड्यावर कोणीतरी असणारच.

भावाची ग्रंथी दुर्बिणीतून ऑपरेशन करून अख्खी काढली, आता तो एका गोळीवर आहे. पण २०२५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या २८ पेशंटांवरचा अभ्यास आला तो वाचून हे पत्र लिहितेय. तोंडातून एन्डोस्कोप (कॅमेऱ्याची लवचिक नळी) पोटात नेतात, त्याच्या टोकाला सोनोग्राफी असते, जठराच्या भिंतीतून बारीक सुई डाव्या ग्रंथीतल्या गाठीत घालून रेडिओ लहरींच्या उष्णतेने गाठ जाळतात, बाहेरून चिरा नाही आणि बाकीची ग्रंथी शाबूत राहते. डावी ग्रंथी जठराला लागून असल्यामुळे हे जमतं, उजवीला हा रस्ता नाही. अजून मोठे अभ्यास व्हायचेत, त्यामुळे उद्याच करून घ्या असं मी म्हणत नाही.

पण गाठ आहे हेच कळलं नाही तर सुई घालणार कुठे? एन्डोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने २०२५ च्या मार्गदर्शनात बीपीच्या सगळ्याच पेशंटांची ही तपासणी सुचवलीय. (चालू गोळ्यांमुळे रिपोर्ट चुकू शकतो, म्हणून आपल्या मनाने नको, डॉक्टरला विचारूनच.)

आरोग्य खात्याला विनंती, पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या आरोग्य केंद्रांत बीपीच्या कार्डावर पोटॅशियमचाही रकाना ठेवा, आणि ही टेस्ट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिल्हा इस्पितळात कुठल्या ओपीडीत, कुठल्या वारी होते ते पेपरात छापा.

– एक वाचक, फोंडा