दिवे गाडीत होते, पण कायद्यानं बंद

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हायवेवर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लाइटबद्दल आपल्या पेपरात गेले काही दिवस वाचकांची पत्रं येतायत, मी ती इथे मिशिगनमध्ये बसून ऑनलाइन वाचतो. सगळ्यांचा वैताग अगदी रास्त आहे, अप्पर मारत येणारा डिप्पर देतच नाही आणि दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही हे मीही पुण्याला आलो की दरवेळी भोगतो. पण त्यातल्या एक-दोघांनी लिहिलंय की हे नवीन सेन्सरवाले, मॅट्रिक्स वगैरे हेडलाइट सरकारनं सरसकट बंद करावेत. तेवढ्यासाठी हे पत्र लिहितोय, कारण अमेरिकेत हे लाइट वर्षानुवर्षं कायद्यानं बंदच होते आणि त्या बंदीनं इथल्या कुणाच्या डोळ्यांवरचा उजेड कमी झाला नाही, रस्त्याच्या कडेचा अंधार मात्र तसाच राहिला.

आधी हे लाइट नेमकं करतात काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की समोर गाडी दिसली की आपोआप डिप्पर होतो तेच हे. ते वेगळं, ते इथेही कायदेशीर आहे आणि भारतातही बऱ्याच गाड्यांमध्ये येतं. मॅट्रिक्स किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह ज्याला म्हणतात त्या हेडलाइटमध्ये एकच बल्ब नसतो, बऱ्याच छोट्या छोट्या एलईडी असतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र कंट्रोल असतो. समोरच्या काचेमागे कॅमेरा असतो, तो समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे आणि पुढे चाललेल्या गाडीचे टेललाइट ओळखतो आणि फक्त त्या गाडीवर पडणाऱ्या एलईडी बंद किंवा मंद करतो, बाकी सगळा अप्पर चालूच. ऑडीनं २०१३ मध्ये ए८ गाडीत हे आणलं तेव्हा एका हेडलाइटमध्ये अप्परसाठी २५ एलईडी होत्या, नंतर मर्सिडीजच्या डिजिटल लाइटमध्ये एका हेडलाइटला १३ लाख बारीक आरसे आले.

मी हे पहिल्यांदा जर्मनीत अनुभवलं, कामासाठी गेलो होतो आणि ऑफिसची गाडी होती. स्टुटगार्टच्या बाहेरचा दोन लेनचा रस्ता, डिव्हायडर नाही, स्ट्रीटलाइट नाहीत. समोरून गाडी आली की तिच्याभोवती अंधाराचा एक चौकोन पडायचा आणि ती जवळ येईल तसा तो चौकोन तिच्याबरोबर डावीकडे सरकत जायचा, आणि त्याच वेळी उजवीकडची झाडी, साइडपट्टी, तिथून कुत्र्याला घेऊन चाललेला एक माणूस, हे सगळं अप्परच्या उजेडात लख्ख दिसत होतं. समोरच्या एकाही ड्रायव्हरनं मला डिप्पर मारला नाही, म्हणजे त्यांना त्रास होत नव्हता. परत आल्यावर मी मिशिगनमध्ये त्याच कंपनीची तीच गाडी घेतली, वरचं मॉडेल घेतलं, मुद्दाम लाइटसाठी जास्तीचे पैसे मोजले. बाहेरून हेडलाइट तोच. पण मेनूमध्ये तो ऑप्शनच नाही. डीलरकडे गेलो तर त्यानं सांगितलं की या देशात ते फंक्शन देत नाहीत, सॉफ्टवेअरनं बंद असतं. आता समोर एक गाडी आली की माझे दोन्ही लाइट पूर्ण डिप्परवर जातात आणि कडेचं सगळं काळं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे संध्याकाळनंतर रस्त्यावर हरणं येतात, ती कडेच्या त्याच अंधारातून येतात.

हे असं का झालं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. १९४० पासून अमेरिकेत हेडलाइट म्हणजे सात इंची गोल सील्ड बीम, दोन, बस, असं ठरून गेलं. त्या काळात ते चांगलंच होतं म्हणा, काच-रिफ्लेक्टर सगळं सीलबंद, धूळ-पाणी आत जात नाही, कुठल्याही गावात तोच लाइट मिळतो. पण मग नियम त्या वस्तूलाच चिकटला. १९४८ च्या टकर गाडीला मधोमध तिसरा दिवा होता, स्टिअरिंग वळवलं की तो वळायचा, काही राज्यांत दोनपेक्षा जास्त हेडलाइट चालत नव्हते म्हणून त्यावर घालायला कंपनीनं झाकण बनवलं. १९६८ पासून फेडरल स्टँडर्ड १०८, म्हणजे गाड्यांच्या दिव्यांचा देशभराचा नियम, लागू झालं, आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये सिट्रोएनच्या डीएस गाडीला काचेमागे, स्टिअरिंगबरोबर वळणारे लाइट आले होते, अमेरिकेत विकलेल्या डीएसला मात्र ते मिळाले नाहीत, साधे फिक्स दिवे लावावे लागले. बदलता येणारा बल्ब असलेला हेडलाइट इथे कायदेशीर व्हायला १९८३ उजाडलं, तोपर्यंत युरोपनं हॅलोजन बल्बवर कितीतरी वर्षं काढली होती.

मॅट्रिक्सच्या बाबतीत तेच झालं. स्टँडर्ड १०८ ला तेव्हा दोनच गोष्टी माहीत होत्या, अप्पर आणि डिप्पर, आणि डिप्परला अमुक ठिकाणी अमुकपेक्षा जास्त उजेड चालणार नाही. अर्धा अप्पर अर्धा डिप्पर असा तिसरा प्रकार त्या नियमात बसतच नव्हता, म्हणून बंद. टोयोटानं २०१३ मध्ये अर्ज केला की नियम बदला. इथलं वाहन सुरक्षा खातं, सगळे त्याला निट्सा म्हणतात, त्यांचा प्रस्ताव आला २०१८ मध्ये. मधल्या काळात इंजिनिअर लोकांच्या एसएई संस्थेनं २०१६ मध्ये स्टँडर्ड लिहून तयार ठेवलं होतं आणि शेजारच्या कॅनडानं २०१८ मध्ये परवानगी देऊनही टाकली. शेवटी नोव्हेंबर २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात संसदेलाच लिहावं लागलं की दोन वर्षांत हा नियम बदला, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२२ मध्ये अंतिम नियम आला. अर्जापासून नऊ वर्षं, आणि या नऊ वर्षांत जर्मनीतल्या माणसाला दिसलेलं इथल्या माणसाला दिसत नव्हतं.

निट्साची बाजूही सांगायला पाहिजे. युरोपात चालणाऱ्या यूएनच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) वाहन नियमात हे लाइट पास करताना जाणकार माणूस रस्त्यावर गाडी चालवून बघतो आणि ठीक आहे की नाही ते ठरवतो. अमेरिकेच्या कायद्यात असं चालत नाही, प्रत्येक अट मोजता आली पाहिजे, कुणाच्या मतावर सोडता येत नाही. म्हणून त्यांनी ट्रॅकवरची टेस्ट ठरवली, समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या जागी सेन्सर ठेवायचा आणि तिथे किती लक्स (उजेड मोजायचं एकक) पडतो ते बघायचं. १५ ते ३० मीटरवर ३.१ लक्सपेक्षा जास्त नको आणि १२० ते २२० मीटरवर ०.३ लक्सपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. मला हा विचार मनापासून पटतो, समोरच्याच्या डोळ्यांवर किती पडतं हेच तर मोजायला पाहिजे. पण ही टेस्ट ना युरोपच्या नियमाशी जुळते ना एसएईच्या स्टँडर्डशी, त्यामुळे युरोपात लाखो गाड्यांवर चालणारे लाइट इथे जसेच्या तसे पास होत नाहीत, कंपनीला फक्त या देशासाठी वेगळं ट्युनिंग आणि वेगळ्या टेस्ट कराव्या लागतात, आणि बऱ्याच कंपन्यांनी ठरवलं की राहू दे, बंदच ठेवू. नियम आल्यानंतरही दोन वर्षं इथे कुणी ते विकत नव्हतं, २०२४ मध्ये रिव्हियनसारख्या नव्या कंपनीनं सुरू केलं, मग २०२५ मध्ये टेस्लानं अपडेट पाठवून चालू केलं. टेस्लाच्या कितीतरी गाड्यांत ते हेडलाइट आधीपासून बसवलेले होते, लोकांनी त्याचे पैसेही भरले होते.

याची किंमत काय झाली याचा एकच आकडा कुणी काढू शकत नाही, पण अंदाज येतो. इथल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये मोजलं तर समोर गाडी असताना अमेरिकन डिप्परपेक्षा युरोपियन अ‍ॅडॅप्टिव्ह लाइटनं रस्त्यावर ८६ टक्क्यांपर्यंत जास्त उजेड पडत होता. विमा कंपन्यांची आयआयएचएस संस्था २०१६ पासून हेडलाइटला रेटिंग देते, पहिल्या वेळी ३१ मिडसाइज गाड्यांपैकी एकाच गाडीला 'गुड' मिळालं होतं. नंतर त्यांनीच दाखवलं की चांगल्या रेटिंगच्या हेडलाइट असलेल्या गाड्यांचे रात्री पादचाऱ्यांना धडकण्याचे अपघात २३ टक्क्यांनी कमी आहेत. आणि २०२२ या एका वर्षात या देशात साडेसात हजारांहून जास्त पादचारी गाड्यांखाली मेले, त्यातले तीनचतुर्थांशहून जास्त अंधारात. हे सगळे मॅट्रिक्स लाइटनं वाचले असते असं मी अजिबात म्हणत नाही, पण काही तर वाचले असते ना, आणि तंत्र तयार असताना ते कागदात अडकून पडलं याचा मला खरंच त्रास होतो.

आणि गंमत म्हणून नाही तर दुःखानं सांगतो, एवढं करून इथली चमक कमी झाली का, तर नाही. साध्या डिप्परमध्येच आता पांढऱ्या एलईडी आल्यात, पिकअप ट्रक एवढे उंच झालेत की त्यांचा डिप्पर सरळ कारवाल्याच्या आरशात येतो, आणि हेडलाइटचा अँगल बरोबर आहे का हे मिशिगनमध्ये गाडी रस्त्यावर आल्यानंतर कुणी तपासतच नाही. बंदी होती ती हुशार लाइटवर, आणि त्रास होतोय तो साध्या लाइटचा.

आता आपल्याकडचं बोलतो. भारतात हे लाइट बंद नाहीत, महागड्या जर्मन गाड्यांतून केव्हाच आलेत आणि हळूहळू खालच्या किमतीतही उतरतील. आपले हेडलाइटचे एआयएस स्टँडर्ड (भारतातल्या वाहनांचे नियम) बऱ्यापैकी युरोपच्या यूएन नियमांवरून बेतलेले आहेत, आणि ती स्टँडर्ड ठरवणाऱ्या समितीचं कामकाज आपल्या पुण्यातूनच, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतून चालतं. म्हणजे दिल्लीला जायच्या आधी गोष्ट आपल्या घरातली आहे, म्हणून हे मराठी पेपरात लिहितोय. त्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे की बंदीच्या मागणीला बळी पडू नका, पण युरोपचा नियम जसाच्या तसा उचलूनही थांबू नका, कारण आपले रस्ते वेगळे आहेत.

उदाहरणार्थ, कॅमेरा समोरची गाडी ओळखतो ती तिच्या दिव्यांवरून. एक्सप्रेसवेच्या मधल्या पट्ट्यात झाडं आहेत, समोरून येणाऱ्या ट्रकचे हेडलाइट त्या झाडांमागे लपतात पण ट्रकवाला वर केबिनमध्ये बसलेला असतो, कॅमेऱ्याला वाटतं समोर कुणी नाही आणि पूर्ण अप्पर त्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातो. युरोपातल्या ट्रकवाल्यांनाही हा त्रास होतो. आपल्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १०६ व्या नियमात डोळ्यांची उंची जमिनीपासून दीड मीटर धरलीये, ती कारवाल्याला ठीक आहे, ट्रक आणि एसटीच्या ड्रायव्हरला नाही. म्हणून टेस्टमध्ये ट्रकच्या केबिनची उंची घ्या, मध्ये झाडं असतानाची घ्या, घाटातली वळणं घ्या. आणि याच लाइटचा आपल्याकडे जो फायदा आहे तो जर्मनीत कधीच दिसणार नाही, तो म्हणजे ऊसाची ट्रॉली. हंगामात रात्री रस्त्यानं चाललेल्या ट्रॉलीला मागे ना टेललाइट ना रिफ्लेक्टर, आज समोरून गाडी येते म्हणून तुम्ही डिप्पर करता आणि नेमकी तेव्हाच ती ट्रॉली तुम्हाला दिसत नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह लाइट फक्त समोरच्या गाडीपुरता अंधार करेल, ट्रॉलीला दिवाच नसल्यामुळे तिच्यावर अप्पर तसाच राहील आणि ती लांबून दिसेल. मोटरसायकलींचं म्हणाल तर १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट कायम चालूच असतात, त्यामुळे त्या कॅमेऱ्याला दिसतात आणि त्यांच्या डोळ्यांवर उजेड जाणार नाही.

ज्या वाचकांनी बंदी मागितली त्यांना जो झगमगाट छळतोय तो बहुतेक वेळा या महागड्या गाड्यांचा नाहीच. तो आहे अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात बसवून मिळणाऱ्या एलईडी बल्बचा. हॅलोजनचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटच्या जागेनुसार बनवलेला असतो, त्यात एलईडी घातला की उजेडाची जागा बदलते, डिप्परची वरची रेघ मोडते आणि सगळा फवारा समोरच्याच्या तोंडावर. त्यावर कारवाई करायला नवीन कायदा नकोय, पासिंगच्या वेळी आणि रात्रीच्या नाकाबंदीत हेडलाइट बघितले तरी पुष्कळ होईल.

आणि एक विनंती तुमच्याकडेच. नव्या गाडीचा रिव्ह्यू तुमच्या पुरवणीत येतो तेव्हा सनरूफ, स्क्रीन, बूट स्पेस सगळं असतं, हेडलाइटबद्दल फार तर 'एलईडी दिलेत' एवढंच. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना एक रात्र ती गाडी डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर न्यायला सांगा, आणि कंपनीला विचारून छापा की भारतात विकतायत त्या व्हेरियंटमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह फंक्शन खरंच चालू आहे की नुसता हेडलाइट बसवलाय, म्हणजे घेणाऱ्याला पैसे भरायच्या आधीच कळेल.

आपला,
एक वाचक, मिशिगन (मूळ पुणे)