केस नुसते वाळू देण्यासाठीही कायदा

महोदय,

केसांच्या निगेविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात दाट कुरळे केस 'आटोक्यात आणण्याचा' सल्ला वाचला, म्हणून हे पत्र. मी न्यू जर्सीत राहते. माझी एक कृष्णवर्णीय सहकारी केस धुऊन, जुन्या सुती टी-शर्टने टिपून, बोटभर क्रीम लावून ते नुसते वाऱ्यावर वाळू देते. ओले असताना खांद्याला टेकणारे तिचे केस वाळता वाळता स्प्रिंगसारखे आखडत कानाच्या पाळीपाशी येऊन थांबतात, आणि ती त्यांना तिथेच राहू देते.

ही साधी गोष्ट तिच्या समाजातील स्त्रियांना सहजी मिळालेली नाही. लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने १७८६ साली कृष्णवर्णीय स्त्रियांनी डोके फडक्याने झाकावे असे फर्मान काढले होते (त्यांनी त्या फडक्यांचेच रंगीत, झोकदार फेटे बांधले, ही गोष्ट वेगळी). पुढेही नोकरी टिकवायची तर तापवलेला लोखंडी कंगवा किंवा टाळू भाजणारी रसायने वापरावी लागत. केसांच्या नैसर्गिक पोतावरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करण्यास मनाई करणारा 'क्राउन' कायदा कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये पहिल्यांदा केला, त्याच डिसेंबरात न्यू जर्सीनेही केला. देशव्यापी विधेयक मात्र २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडकले.

'आटोक्यात आणणे' हा शब्दप्रयोग पुढील लेखांत टाळावा, ही विनंती.

— एक वाचक, न्यू जर्सी