चौथा रकाना : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : विद्यापीठांच्या पुरस्कारप्राप्त विद्वानांच्या यादीत एक रकाना वाढवण्याबाबत.

महोदय,

राज्यातल्या एका विद्यापीठात ३१ वर्षं नोकरी करून मी कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यातली शेवटची नऊ वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी लागेल, आणि ती माझ्या मागे न लागता आज त्या खुर्चीवर बसलेल्या कंत्राटी पोराच्या मागे लागेल.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी ‘नॅक’ची, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेची, समिती यायची होती. अशा वेळी विद्यापीठात काय होतं ते आपण जाणताच. कुंड्या येतात, जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांवर चुना फिरतो आणि बंद पडलेलं घड्याळ अचानक चालायला लागतं. त्या गडबडीत माझ्याकडे काम आलं, विद्यापीठाशी संबंधित पुरस्कारप्राप्त विद्वान आणि शास्त्रज्ञ यांची यादी करायची. दर्शनी भागात ग्रॅनाईटचा गौरवफलक लागणार होता. नमुना तीन रकान्यांचा : नाव, पुरस्कार व वर्ष, विद्यापीठाशी संबंध.

सगळी गंमत तिसऱ्या रकान्यात आहे. ‘माजी विद्यार्थी’ संपले, ‘माजी प्राध्यापक’ संपले की ‘अन्य’ सुरू होतं. पदवीदान समारंभाला येऊन भाषण करून गेलेला माणूस ‘अन्य’मध्ये बसतो. अतिथीगृहात दोन रात्री राहिलेलाही बसतो. आमच्या यादीत एक गृहस्थ असे होते की ते आमच्या महाविद्यालयात एकच वर्ष होते आणि त्या वर्षी नापास झाले होते. मी तसं शेऱ्यात लिहिलं. वरून शेरा खोडून आला, नाव राहिलं.

हा रोग आमच्याच घरचा नाही. २००९ साली वेंकटरामन रामकृष्णन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि देशभरातून त्यांचे ‘शिक्षक’ उगवले. चिदंबरमला ते जन्मले, पण तिसऱ्या वर्षीच त्यांनी ते गाव सोडलं. तरी तिथल्या विद्यापीठात आपण त्यांना शिकवलं, असं सांगणारे निघाले. शेवटी त्यांनाच खुलासा करावा लागला. ते खरे शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, १९७१ साली बी.एस्सी. झाले. बडोद्याच्या त्या वर्षांत त्यांना राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्ती होती. हे शेवटचं वाक्य कुठल्या फलकावर वाचल्याचं आठवत नाही. मला मात्र तेच महत्त्वाचं वाटतं, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की यादीला चौथा रकाना हवा. ‘विद्यापीठाने (वा शासनाने) काय दिले आणि कधी दिले’.

निवृत्तीनंतर रिकामा वेळ होता. नातवाच्या वहीत चार रकाने आखले आणि पेन्सिलीने भरायला घेतले. पहिलं नाव सहज आलं, रघुनाथ माशेलकर. जन्म १९४३, गाव गोव्यातलं माशेल. सहा वर्षांचे असताना वडील गेले, आई मुलाला घेऊन गिरगावात आली. १९६० साली शालान्त परीक्षेत ते बोर्डात अकरावे आले, तरी पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते. ते रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत, ही गोष्ट आपण सगळेच भाषणांत सांगतो. त्यांना सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपये शिष्यवृत्ती मिळाली, हे ते स्वतः वारंवार सांगत आले आहेत. पण श्रोत्यांना दिवाच आवडतो. साहजिक आहे. दिव्याचं बिल पालिका भरते.

मी मात्र ६० रुपयांपाशी अडलो. वर्षाचे ७२०. पैसे ट्रस्टचे होते, सरकारी नव्हते. (‘म्हणूनच वेळेवर आले असतील’ असं आमचे एक निवृत्त लेखापाल म्हणतात. त्यांची जीभ तिखट आहे, पण हिशेब कधी चुकला नाही.) त्या पैशांवर मुलगा माटुंग्याला पोचला, मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, ज्याला सगळे यूडीसीटी म्हणत. १९६६ ला केमिकल इंजिनिअर, १९६९ ला पीएच.डी. पुढे १९९८ ला रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेचे फेलो, २०१४ ला पद्मविभूषण.

आता त्यांच्या गाईडचं नाव पाहा : मन मोहन शर्मा. मूळचे जोधपूरचे, पण शिकले माटुंग्यातच. तिथून केंब्रिजला गेले, डॉक्टरेट करून १९६४ साली परत आले आणि त्याच विभागात प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचं वय २७ होतं. महोदय, हा आकडा मी पेन्सिलीने दोनदा गिरवला. आज आपल्या विद्यापीठांत २७ वर्षांचा माणूस प्राध्यापक होणं सोडाच, त्याला तासिका तत्त्वावर नेमणूक मिळाली तरी घरी पेढे वाटतात. शर्मा १९९० साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले; तो मान मिळालेले ते पहिले भारतीय इंजिनिअर. त्यांच्या हाताखाली माशेलकर, त्यांच्याच हाताखाली ज्येष्ठराज जोशी (भटनागर पुरस्कार १९९१, पद्मभूषण २०१४) आणि गणपती यादव (पद्मश्री २०१६). माझ्या वहीत एक अख्खं पान या एका विभागाने घेतलं, आणि त्या पानाच्या मुळाशी आहे १९६४ मधला एक नेमणुकीचा कागद. कुणी तरी ती टिप्पणी लिहिली असेल. ‘उमेदवाराचे वय कमी आहे’ असा शेरा मारायचा मोह त्यालाही झाला असेल. मारला नाही, किंवा मारला आणि वरच्याने तो मानला नाही.

यूडीसीटी २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे ही नावं आता दोन यादींत झळकतात. असो. चांगल्या मुलाला दोन्ही घरची माणसं आपला म्हणतात.

नेमणुकीवरून आठवलं. चंद्रशेखर व्यंकट रामन हे अर्थखात्यात सरकारी अधिकारी होते. डॉक्टरेट नव्हती. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना तारकनाथ पालित यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या अध्यासनावर प्राध्यापक म्हणून आणलं. परदेशात शिकलेला माणूस हवा, अशी त्या जागेची अट होती, ती बाजूला ठेवली. १९१७ ला ते रुजू झाले आणि १९३० ला नोबेल. आजच्या छाननी समितीपुढे हा अर्ज आला असता तर ‘अपात्र’ शिक्का मारून आम्ही जेवायला गेलो असतो.

पण याच रामन यांच्यामुळे माझ्या चौथ्या रकान्यात एक काळी नोंदही आहे. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांच्या सख्ख्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथे तेव्हा रामन संचालक होते. बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. ही मुलगी हटली नाही. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर, वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, काम पाहून मग ठरवू. काम पाहिलं आणि रामन यांना आपलं मत बदलावं लागलं. पुढे मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर त्या केंब्रिजला गेल्या. तिथे वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सी या श्वसनाशी निगडित घटकावर काम केलं आणि १९३९ ला पीएच.डी. घेतली. प्रबंध अवघ्या ४० पानांचा. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव अग्रभागी घेतलं जातं. परत येऊन मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र उभं केलं. ‘नीरा’ या ताडाच्या रसातली पोषकद्रव्यं तपासली, कुपोषित मुलांना त्याचा उपयोग होतो हे दाखवलं, आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

त्याच संस्थेत संचालकपद मात्र त्यांना हक्काच्या वेळी मिळालं नाही. चार वर्षं अंतर्गत राजकारणात गेली. ती संस्था आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आली आहे. कमलाबाईंचं नाव तिथे झळकावं, जरूर झळकावं. पण चौथ्या रकान्यात तीन नोंदी व्हाव्यात : ‘शिष्यवृत्ती दिली’, ‘प्रयोगशाळा दिली’, ‘पद चार वर्षं उशिरा दिले’. तिन्ही एकाच शाईने.

हरगोविंद खोराना यांच्यापुढे तर मला काय लिहावं कळेना. लाहोरला शिकले, १९४५ साली भारत सरकारच्या फेलोशिपवर इंग्लंडला गेले. म्हणजे सरकारने दिलं, आणि चांगलं दिलं. १९४९ ला ते भारतात परतले तेव्हा मात्र नोकरी मिळाली नाही. पुन्हा गेले ते गेलेच. १९६८ चं नोबेल त्यांना विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना मिळालं. तिकीट आपण काढून दिलं, दार उघडायला घरी कुणी नव्हतं.

आता माझी स्वतःची नोंद. ती कुठल्या फलकावर येणार नाही म्हणून इथे लिहितो.

शिष्यवृत्तीच्या खिडकीवर दर सोमवारी एक मुलगी यायची. रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती, आईवडील शेतमजूर. ओढणीला ॲसिडची बारीक बारीक छिद्रं पडलेली असत, चाळणीसारखी. तिची अधिछात्रवृत्ती (संशोधनासाठीची फेलोशिप) मंजूर होती, फक्त पैसे येत नव्हते. पहिल्यांदा नस्ती, म्हणजे फाईल, परत गेली कारण हजेरीपत्रकावर गाईडची सही होती, विभागप्रमुखांची नव्हती. दुसऱ्यांदा बँक पासबुकावर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, म्हणून. तिसऱ्यांदा सगळं जुळलं, पण तोवर ३१ मार्च उलटला आणि निधी व्यपगत झाला, म्हणजे मुदत संपून परत गेला. दुसरा शेरा माझा आहे. हिरव्या शाईत माझीच सही आहे. नियमाने बरोबर होता. एक फोन करून, प्रतिज्ञापत्र मागवून, त्याच दिवशी काम होण्यासारखं होतं हेही खरं.

चौदा महिन्यांची रक्कम शेवटी एकदम जमा झाली. ती सही करायला आली तेव्हा ओढणी धड होती. औषध कंपनीत तपासणी विभागात नोकरी धरली होती, संशोधन सोडलं होतं. तिने विचारलं, “सर, हमीपत्रात लिहिलंय की मध्येच सोडलं तर पैसे परत करायचे. मग हे घ्यायचे का ठेवायचे?” मी नियमावली उघडली. एवढंच सुचलं मला.

महोदय, पगाराची तारीख चुकली की आम्ही कर्मचारी काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी काळ्या फिती, तिसऱ्या दिवशी गेटसभा. संशोधक विद्यार्थीही आंदोलनं करतात. बार्टी, सारथी, महाज्योती या अधिछात्रवृत्ती देणाऱ्या शासकीय संस्थांच्या मुलांना पुण्या-मुंबईत रस्त्यावर बसलेलं आपण पाहिलं आहे. पण त्यांची संघटना दर तीन वर्षांनी नवी होते, कारण जुनी मुलं तोवर निघून जातात. तेव्हा माझी विनंती आहे की अधिछात्रवृत्तीची तारीख आमच्या पगाराच्या तारखेला बांधून टाका. त्या महिन्यात मुलांचे पैसे गेले नसतील तर त्या विभागाचं वेतन देयकही कोषागारात जाऊ नये. मी नोकरीत असतो तर या सूचनेला सर्वांत आधी मीच विरोध केला असता, यावरून ती चालेल अशी मला खात्री आहे.

रिकाम्या पदांबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. बिंदुनामावली, आकृतिबंध, वित्त विभागाची हरकत हे शब्द आपल्याला माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकावे लागत असतील. फक्त पुढच्या वेळी ती नस्ती समोर आली की १९६४ चा माटुंग्याचा कागद आठवावा.

फलकालाही माझा विरोध नाही. आमच्याकडे तो लागला, दिसतोही छान. दगड महाग होता. त्याच वर्षीच्या पदवीदानात ज्या मुलांना ‘सुवर्णपदक’ दिलं, ते मुलामा दिलेलं होतं, कारण जुन्या देणग्यांच्या व्याजात आता सोनं बसत नाही. मुलांनी ते दातांनी चावून फोटो काढले. माझ्या शेजारी बसलेले आमचे लेखापाल हळूच म्हणाले, “जपून रे, रंग जाईल.”

फलकाच्या उजव्या बाजूला वीतभर जागा मोकळी सुटली आहे. कारागिराचं माप चुकलं. चौथा रकाना तिथे बसतो, मी टेपने मोजून आलो आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कक्ष अधिकारी

सोबत : चार रकान्यांचा नमुना, १ प्रत. (चौथा रकाना पेन्सिलीने भरला आहे, दुरुस्ती करता येईल.)