वित्तीय अर्थशास्त्राला गणिताची तयारी हवी

वित्तीय अर्थशास्त्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांवरील आपला लेख वाचला. पुण्याच्या गोखले संस्थेतील एम.एस्सी. किंवा चेन्नईच्या मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एम.ए. यांना त्यात एमबीए फायनान्सच्या पंक्तीत बसवले आहे, ते पटले नाही. या अभ्यासक्रमांत ताळेबंदापेक्षा संभाव्यता, मॅट्रिक्स आणि टाइम सीरीज (काळानुसार नोंदलेली आकडेवारी) यांवर भर असतो. वाणिज्य शाखेचे हुशार विद्यार्थीही अडखळतात ते इकॉनोमेट्रिक्समध्ये, म्हणजे आर्थिक आकडेवारीच्या सांख्यिकी विश्लेषणात. दोन शेअरचे भाव तसेच्या तसे घेऊन रिग्रेशन (एका मालिकेचा दुसरीशी संबंध मोजण्याची पद्धत) केले, तर संबंध नसतानाही आर-स्क्वेअर (संबंध किती घट्ट दिसतो त्याचे माप) मोठा येऊ शकतो, कारण भावांची मालिका स्थिर नसते, म्हणजे तिची सरासरी आणि चढउतार काळानुसार बदलत राहतात. म्हणून आधी मालिका स्थिर आहे का हे तपासणारी युनिट रूट चाचणी, मग भावांऐवजी लॉग परतावा (लागोपाठच्या भावांच्या लॉगरिदममधील फरक). प्रवेशापूर्वीचे दोन-तीन महिने कलन (कॅल्क्युलस), संख्याशास्त्र आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेला द्यावेत, हे लेखात ठळकपणे यायला हवे होते.

– अर्थशास्त्राचे एक अध्यापक, पुणे